‘आय अंडरस्टँड’ सोडून इंग्रजीत ‘समजलं’ आणखी कसं म्हणतात?

दोस्तांत ‘गॉट इट’, मेलमध्ये ‘नोटेड’, समोरच्याचा मुद्दा पटला तर ‘पॉइंट टेकन’. ‘आय ॲम अवेअर’ जपून वापरा, त्याला ‘मला नका शिकवू’ असा वास येतो. झाली यादी.

मी जहाजावर २८ वर्षं सुकाणी होतो. नवा असताना एकदा रात्री एल्ब नदीतून हॅम्बुर्गला चाललो होतो, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, नदीतली वाट दाखवणारा जर्मन पायलट. तो म्हणाला, ‘पोर्ट टेन’, म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश. मी चक्र फिरवलं आणि ऐटीत म्हटलं, ‘ओके सर, अंडरस्टुड!’ तो गर्रकन वळला. ‘व्हॉट डिड यू अंडरस्टँड?’ मग कॅप्टनने सगळ्यांसमोर माझी जी काढली, ती अजून कानात आहे. सुकाण्याने ऑर्डर जशीच्या तशी परत बोलायची, ‘पोर्ट टेन’. सुकाणू दहावर आलं की पुन्हा सांगायचं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांसाठी ठरावीक इंग्रजी वाक्यं मंजूर केली, त्यांतही ऑर्डर परत बोला असंच आहे.

विमानवाल्यांनी तर याची फार मोठी किंमत मोजली. १९७७ साली स्पेनच्या तेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. त्यातल्या एकाचा सहपायलट म्हणाला, ‘आम्ही टेक-ऑफला आहोत’. टॉवरवरून आधी आलं ‘ओके’. पुढचं ‘थांबा’ दुसऱ्या विमानाच्या बोलण्यात अडकून नीट पोचलंच नाही. (धुकं होतं, कारणं बरीच होती. पण त्या ‘ओके’चं काय?)

आमचे साडू इंग्रजीचे शिक्षक. एका पूजेला मी ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणालो, तर भर पंगतीत म्हणाले, ‘भाऊ, त्याचा अर्थ मी समजूतदार आहे!’ व्याकरण त्यांचंच बरोबर, मान्य. पण जितके वाक्प्रचार जास्त तितकी इंग्रजी पक्की, हा त्यांचा हेका मला कधीच पटला नाही. समजलं असेल तर काय समजलं ते बोलून दाखवा. ऑफिसात प्रत्येक वाक्य परत बोललात तर पोपट म्हणतील, तेवढं सांभाळा.

गेल्या गणपतीत साडू मुंबईहून गाडीने रत्नागिरीकडे, आमच्या घरी येत होते. फोनवर सांगितलं, ‘निवळी फाटा सोडा, हातखंब्याला उजवीकडे वळा.’ म्हणाले, ‘क्रिस्टल क्लिअर!’ तासाभराने गणपतीपुळ्याहून फोन: ‘भाऊ, समुद्र दिसतोय, पण तुमचं घर काही दिसत नाही.’