वरातीचा घोडा आणि हॉल्टरचा घोडा

हाय बाळा,

फोटो शोच्या स्पर्धेसाठी काढलेले तुझ्या खेळण्यातल्या मॉडेल घोड्यांचे तिन्ही फोटो बघितले, मोबाईलवर नाही, लॅपटॉपवर मोठे करून, त्यामुळे आता ऐकून घे. वरातीच्या घोड्याचा जो आहे ना, जरीची झूल, गळ्यात माळा, तो मला जाम आवडला, पण तो शोच्या हॉल्टर क्लासला, म्हणजे त्या गटाला, पाठवू नकोस. हॉल्टरमध्ये जज घोडाच बघतो, पाय नीट आहेत का, अंगकाठी त्या ब्रीडची वाटते का, रंगकाम कसं झालंय, आणि तू नेमकं तेच सगळं झुलीखाली झाकलंयस. तिथे घोडा बाजूने, आख्खा, कानाच्या टोकापासून खुरापर्यंत, मागे काही पसारा नाही. बोअरिंग वाटेल, वाटू दे. इकडे अमेरिकेत पूर्वी फोटो शो पोस्टाने चालायचे, प्रिंट पाकिटात घालून पाठवायची, मागे घोड्याचं नाव आणि ब्रीड लिहायचं, आणि जज गठ्ठ्यातून एकेक उचलून बघणार, म्हणजे एका नजरेत घोडा दिसला पाहिजे, ती सवय अजून आहे. झूल कॉस्च्यूम क्लासला पाठव, तिथे पाहिजे तेवढा नट.

दुसऱ्या फोटोत घोडा छान पण खाली खडी! ब्रेयर कंपनीचा ट्रॅडिशनल मापाचा मॉडेल घोडा १:९ असतो, खऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढा, म्हणजे १ मिमीचा वाळूचा कण घोड्याच्या जगात ९ मिमीचा खडा झाला, आणि तुझी खडी तर चांगली बोराएवढी आहे, बिचारा दगडाच्या खाणीत उभा केल्यासारखा दिसतो. लॉनचंही तेच, ४ मिमी रुंद पातं म्हणजे ३६ मिमी, जवळजवळ उसाचं पान. माती चहाच्या गाळणीने चाळून घे. ब्रेयरचाच छोटा घोडा, स्टेबलमेट, काढशील तेव्हा तर १:३२, तिथे चाळलेली मातीसुद्धा जाड दिसते, मी पुण्याहून मातकट रंगाची रांगोळी आणून ठेवलीये, हसू नकोस, भारी दिसते.

आणि खाली बस रे! उभं राहून वरून काढलास म्हणून तो टेबलावरचं खेळणं दिसतो. माणसाचे डोळे जमिनीपासून समजा १५५ सेमीवर, भागिले ९, आले १७ सेमी, तेवढ्यावर कॅमेरा धर, हॉल्टरला अजून थोडा खाली, पोटाच्या रेषेत. जमिनीवर पालथं पडायचं नसेल तर गच्चीवर टेबल मांड, कड मातीने झाक, मागे लांबची झाडं येऊ देत, ती खऱ्या मापाची असली तरी लांब आहेत म्हणून बरोबर दिसतात. फक्त वारा बघ. माझी एक अरबी घोडी अशीच डेकच्या कठड्यावरून खाली गेली, उजव्या बाजूचा रंग पार खरवडला. तेव्हापासून तिचा फोटो डाव्या बाजूनेच. हे चालतं असं मी धरते, पण एडिटिंग करून ओरखडा पुसणं मी करत नाही, बॅकग्राउंडमधली वायर काढ हवं तर, घोड्याला हात लावायचा नाही. धूळ आधीच मऊ ब्रशने झटकायची.

फोन अगदी नाकाशी नेलास की नाक मोठं आणि मागचा भाग बारका येतो, म्हणून दोन-तीन फूट मागे सरक आणि २x लाव. पोर्ट्रेट मोड बंद, तो कानाच्या कडा खातो, आणि मागचं सगळं इतकं धूसर झालं की छोटी वस्तू जवळून काढलीये हे लगेच कळतं. ऊन सकाळचं घे, दुपारी प्लास्टिक चमकतं.

तिसरा फोटो. मारवाडी म्हणून लिहिलंयस, पण त्याचे कान सरळ उभे आहेत, मारवाडीचे आत वळून टोकं एकमेकांना लागायला येतात. ब्रीड तू ठरवायचीस हे खरं, पण जजला पटलं पाहिजे ना. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणार म्हणत होतास, गेलास तर कानांचे आणि लगामांचे जवळून फोटो काढ आणि मला पण पाठव, लगामाच्या गाठी नीट दिसू देत, मी इथे मॉडेलच्या लगामासाठी चामड्याच्या बारक्या पट्ट्या कापून बसलेय आणि पुढे काय करायचं ते कळत नाहीये.

तुझी ओहायोची मावशी