आजीच्या माघारी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजीला जाऊन आठ दिवस झाले. तिचा अकरा वर्षांचा कुत्रा तिच्या खाटेखालून हलत नाही. दोन दिवस पोळीला तोंड लावलेलं नाही, पाणी थोडं पितो. तिच्या मांजरीचंही तेच चाललंय. किती दिवस वाट पाहायची?

उत्तर : मांजरीसाठी वाट पाहूच नका, आजच दवाखान्यात न्या. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि मग भूक आणखीच मरते. जाडसर मांजरीला हा धोका जास्त. हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळी दिसली, तर आजार बराच पुढे गेला आहे असं समजा.

कुत्रा दोन दिवस उपाशी असेल तर त्यालाही दाखवायला हवं. अकरा वर्षांचा कुत्रा म्हणजे म्हातारा. ‘आजीची आठवण काढतोय’ म्हणून घरचे थांबतात आणि किडलेली दाढ किंवा मूत्रपिंडाचा आजार तसाच राहून जातो. तोंड उघडून तपासायला आणि मूत्रपिंड नीट चालतंय का हे कळायला रक्तात क्रिएटिनिन पाहायला सांगा.

तपासणीत काही निघालं नाही, तर मग घरचे उपाय. आजीची गोधडी इतक्यात धुऊ नका. तिचा वास त्याला धीर देतो. आजी ज्या वेळी, ज्या जागी, ज्या ताटलीत वाढायची, तसंच वाढा. मीठ, कांदा, लसूण न घालता चिकन उकळा आणि त्या कोमट पाण्यात पोळी कुस्करा. गरम अन्नाचा वास लवकर लागतो. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचला. सगळं बिघडतं ते यापुढे: पाच जण पाळीपाळीने बिस्किटं भरवतात, कुत्रा बिस्किटांचीच वाट पाहू लागतो आणि जेवण सुटतं. खाऊ घालणं आणि फिरवणं घरातल्या एकाच माणसाने अंगावर घ्यावं. सोबत म्हणून लगेच नवं पिल्लू आणू नका, म्हाताऱ्या कुत्र्याला त्याचा जाचच होतो.

आणि आजीच्या डब्यात उरलेल्या गोळ्या आधी घराबाहेर काढा. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. अंगदुखीच्या इतर गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होतं.

प्रश्न : आजी रोज गोग्रास काढायची. वर्षश्राद्धाला तिच्या नावाने गोशाळेत पन्नास पुरणपोळ्या न्यायच्या आहेत. चालेल ना?

उत्तर : पन्नास नकोत. शिजवलेला भात, पुरण, कणकेचे गोळे गाईच्या मोठ्या पोटात भराभर आंबतात आणि त्यातून आम्ल तयार होतं. मग रवंथ थांबतो, पोट फुगतं, शेण पातळ आणि आंबूस वासाचं होतं. जास्त झालं तर गाय एक-दोन दिवसांत दगावते. पितृपक्षात तर एकाच सकाळी पंधरा-वीस घरांचं पुरण एका गव्हाणीत येतं. प्रत्येकाला वाटतं, आपलं तर थोडंच आहे.

गोग्रास या शब्दातच माप आहे: एक घास. एका गाईला एक पोळी द्या आणि उरलेल्या पैशांचा चारा घ्या. मोठ्या गाईला दिवसाला साधारण १५ ते २० किलो हिरवा आणि ५-६ किलो सुका चारा लागतो, त्या हिशेबाने दहा गाईंचा एक दिवस आजीच्या नावाने करता येईल. काय कमी आहे ते गोशाळेला आधी फोन करून विचारा. उन्हाळ्यात बहुधा कडबा मागतील. फुलोऱ्याआधीची कोवळी ज्वारी मात्र नेऊ नका, ती विषारी असते. नुसता लसूणघासही भरपूर घातला की पोट फुगतं. चारा-पोळी टोपलीतून न्या. गाईने कॅरीबॅग गिळली तर ती पोटातच साचून राहते.

प्रश्न : आजीचा वासराबरोबरचा एकच जुना फोटो आहे. तो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. कसा सोडवायचा?

उत्तर : सोडवू नका. ओढलात तर चित्राचा थर काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. फ्रेम काढा आणि काचेसकट फोटो स्कॅनरवर पालथा ठेवून ६०० डीपीआयवर स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ उभा करा, उजेड बाजूने येऊ द्या आणि मोबाइलमागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब पडणार नाही. फ्लॅश बंद ठेवा.

स्कॅनची प्रत छापून घ्या आणि तिच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. आजीचं नाव घरात सगळ्यांना ठाऊक असतं, वासराचं नसतं. ते कोणत्या गाईचं, गोठा कुठे होता, दावं कोणाच्या हातात आहे, हे आजीच्या धाकट्या बहिणीला किंवा जावेला या महिन्यातच विचारा. मूळ फोटो मात्र काचेसकटच, उन्हापासून दूर ठेवा.