जुना सर्व्हर, नवा कारभारी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा संगणक पाहणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि ते काम माझ्याकडे आले. विंडोज सर्व्हर २००३ वर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीतले सॉफ्टवेअर चालते. ते करून देणारी फर्म आता नाही. लेखी माहिती शून्य. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तेवढा मिळाला आहे. तो लगेच बदलू का? सुरुवात कुठून करू?
(पतसंस्था कर्मचारी, बार्शी)

पासवर्ड बदलायचाच, पण आज नको. अशा सर्व्हरवर रात्रीचा बॅकअप आणि एखाद-दुसरी सर्व्हिस बहुधा याच खात्याच्या नावाने चालते आणि पासवर्ड तिथेच साठवलेला असतो. तो बदलला की त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बॅकअप मात्र मुकाट्याने थांबतो, आणि सर्व्हिस पुढच्या रीस्टार्टला उठत नाही. आधी सर्व्हिसेसच्या यादीत ‘लॉग ऑन ॲज’ हा रकाना आणि शेड्यूल्ड टास्कमध्ये ‘रन ॲज’ पाहून घ्या. जिथे हे खाते दिसेल तिथे नवा पासवर्डही त्याच बैठकीत भरायचा आहे.

पहिले काम कॉपीचे. संध्याकाळी सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायला सांगा आणि डेटाचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या : .डीबीएफ (नोंदींचे टेबल), .सीडीएक्स (नोंदी शोधण्याचा इंडेक्स) आणि .एफपीटी (लांब मजकूर) तिन्ही प्रकारच्या फायली, एकाच वेळच्या. कोणी आत असताना घेतलेल्या कॉपीत टेबल एका क्षणाचे आणि इंडेक्स दुसऱ्या क्षणाचा, असे होते. ही कॉपी हातात आल्याशिवाय सर्व्हर बंद करू नका. वर्षानुवर्षे चालू राहिलेली डिस्क किंवा पॉवर सप्लाय एकदा थंड झाला की पुन्हा सुरू होईलच, असे नाही.

त्यानंतर क्लोनझिला या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) असेल तर डिस्क सुट्या काढून कॉपी करू नका. त्याच सर्व्हरवर क्लोनझिला सुरू करून घ्या. इमेज दुसऱ्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उतरवा, नेटवर्क तोडून, कारण एकाच नावाचे आणि पत्त्याचे दोन सर्व्हर झाले तर दोन्हीकडे गोंधळ. निळा पडदा येऊन शेवटी ‘७बी’ दिसले तर घाबरू नका; विंडोजला डिस्कचा कंट्रोलर ओळखता आलेला नाही. व्हर्च्युअल डिस्क आयडीई कंट्रोलरला जोडून पाहा. सॉफ्टवेअरला डोंगल (पोर्टला लावायची परवान्याची चावी) लागत असेल तर तोही तिथे जोडावा लागेल.

नुसते उघडले म्हणजे कॉपी चांगली, असे धरू नका. मूळ सर्व्हरवर आणि कॉपीवर एकाच तारखेची तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा) काढा. पैशापर्यंत जुळली पाहिजे.

आता सर्व्हरची तारीख. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असली तर वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सॉफ्टवेअर तीच तारीख घेऊन व्हाउचर टाकते आणि व्याजाची आकारणी बिघडते. दिवसाची सुरुवात करण्यापूर्वी तारीख पाहण्याची शिस्त लावा. बॅटरी बदलण्याआधी बायोसच्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बॅटरी काढल्यावर डिस्कची सेटिंग मूळपदावर गेली तर तोच ‘७बी’चा पडदा खऱ्या सर्व्हरवर दिसेल.

मेनूत ‘पॅक’ असेल तर त्याला तूर्त हात लावू नका. फॉक्सप्रोत डिलीट केलेल्या नोंदीवर फक्त खूण होते, ती परत आणता येते. पॅक केल्यावर ती कायमची जाते. इंडेक्स टेबलशी जुळत नाही असा संदेश आला तर .सीडीएक्स फाइल उडवू नका. इंडेक्स कोणत्या सूत्राने बांधला आहे ते त्या फाइलीतच असते, आणि मूळ प्रोग्राम तुमच्याकडे नाही. सगळ्यांना बाहेर काढून सॉफ्टवेअरमधलेच ‘रीइंडेक्स’ चालवा. फायलींचे आकारही लिहून ठेवा. एक .डीबीएफ २ जीबीच्या पुढे जात नाही, आणि व्यवहारांची फाइल त्याच्या जवळ पोचली असेल तर मार्चअखेरची वाट पाहू नका.

पासवर्ड बदलायचा तो एक महिनाअखेर डोळ्यांसमोर पार पडल्यावर. काही बॅच फायली (आज्ञांची यादी असलेल्या फायली) महिन्यातून एकदाच चालतात, त्या आधी दिसतच नाहीत.

प्रश्न : नवीन विंडोज १० संगणकाला जुन्या २००३ सर्व्हरचा शेअर (नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर) दिसत नाही. बाकीच्या जुन्या संगणकांना दिसतो.
(लेखापाल, चिपळूण)

सर्व्हर २००३ ला एसएमबीची (नेटवर्कवर फायली देण्याघेण्याच्या पद्धतीची) फक्त पहिली आवृत्ती कळते, आणि २०१७च्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये ती सहसा मुळात बसवलेलीच नसते. ‘विंडोज फीचर्स’मध्ये एसएमबी १.० खालच्या ‘क्लायंट’लाच टिचकी द्या. ‘सर्व्हर’ला नको. ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’चीही खूण काढा, नाहीतर संगणक चालू असतानाचे १५ दिवस वापर झाला नाही की विंडोज ते स्वतःच काढून टाकते आणि तुम्ही केबल तपासत बसता.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबीच्या छिद्रातून पसरला. २००३ चा सपोर्ट जुलै २०१५ मध्येच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टने त्या वेळी खास दुरुस्ती दिली; ती बसवली आहे का पाहा. तरीही या सर्व्हरला इंटरनेट देऊ नका. त्याचा स्विच वेगळा ठेवा आणि ईमेलचा संगणक त्यावर जोडू नका.

प्रश्न : सभासदांची मराठी नावे दुसऱ्या संगणकावर इंग्रजी चिन्हांच्या रूपात दिसतात. डेटा खराब झाला का?
(वाचक, इचलकरंजी)

बहुतेक नाही. श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय असाच दिसतो. जुन्या संगणकातला फॉन्ट नव्यावर बसवून एक नाव त्यात पाहा. वाचता आले तर काम कन्व्हर्टरचे, म्हणजे हा मजकूर युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर दिसणाऱ्या मराठीत) बदलणाऱ्या प्रोग्रामचे आहे. रूपांतर रकान्यागणिक करा, कारण पॅन किंवा इंग्रजी पत्ता त्यातून गेला तर त्याचीही निरर्थक मराठी होते. पहिली वेलांटी आणि रफार जागा चुकवतात, म्हणून ‘शिर्के’, ‘विठ्ठल’, ‘कीर्ती’ अशी नावे निवडून तपासा.

युनिकोड झालेली नावे जुन्या .डीबीएफमध्ये परत भरू नका. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षरखुणेला ३ बाइट लागतात : ‘विठ्ठल’मध्ये अशा ६ खुणा, म्हणजे १८ बाइट. ३० बाइटच्या रकान्यात नुसते नाव मावेल, आडनाव तुटेल. ही नावे नव्या डेटाबेसमध्येच घ्या, आणि कोणी कंपनी ‘सगळे क्लाउडवर टाकून देतो’ म्हणत आली तर करारापूर्वी तिच्याकडून शंभर सभासदांची यादी छापून घ्या.