आईवडिलांसाठी घर बांधताना सांगलीचा फ्लॅट विकावा का?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत आणि आई ७० वर्षांची. दोघे सांगलीला असतात. आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही आणि आमच्या घरातील झोपण्याच्या सर्व खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. त्यांच्या ग्रीन कार्डासाठी मी अर्ज केला आहे. मागील अंगणात त्यांच्यासाठी स्वतंत्र छोटे घर, म्हणजे ज्याला येथे एडीयू म्हणतात ते, बांधावे की घराला लागून असलेल्या गॅरेजचेच घर करावे, हे ठरत नाही. वडील म्हणतात की सांगलीचा फ्लॅट विकून ते पैसे यात घालू. मेहुण्यांचे मत असे, की पुढे भाडे मिळेल म्हणून परवानगी मिळेल तेवढे मोठे घर बांधावे.

उत्तर: आईवडिलांसाठी सोय करण्याचा तुमचा विचार योग्य आहे. मात्र सांगलीचा फ्लॅट विकू नये आणि ज्या बांधकामासाठी तो विकावा लागेल, ते बांधकामही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी कायद्याची बाजू पाहू, कारण ती तुमच्या बाजूची आहे. २०१७ पासून, आणि विशेषतः २०२० मध्ये लागू झालेल्या सुधारणांपासून, कॅलिफोर्निया राज्याने अशा घरांच्या बाबतीत शहरांचे हात बरेच बांधले आहेत. अर्ज पूर्ण असेल तर शहराला ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यासाठी जाहीर सुनावणी होत नाही आणि शेजाऱ्यांच्या नापसंतीवरून परवानगी नाकारता येत नाही. मागच्या व बाजूच्या हद्दीपासून ४ फूट जागा सोडून ८०० चौरस फुटांपर्यंतचे स्वतंत्र घर साधारणपणे बांधता येते. ७५० चौरस फुटांपेक्षा कमी क्षेत्र असेल तर शहराचे विकासशुल्क लागत नाही. शाळांसाठीचे शुल्क मात्र वेगळे असू शकते. गॅरेजचे घर केल्यास गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात नवी जागा दाखवण्याची सक्तीही शहर करू शकत नाही. म्हणजे परवानगी ही आता मुख्य अडचण राहिलेली नाही. कोणी, कसे आणि किती काळ तेथे राहायचे, हाच खरा प्रश्न आहे.

तुमचे गॅरेज घराला जोडलेले असल्याने माझा कल त्याच्याकडे आहे. दोन गाड्यांचे गॅरेज साधारण ४०० चौरस फुटांचे असते. दोन माणसांची झोपण्याची खोली, न्हाणीघर आणि छोटा ओटा त्यात बसतो. छत, भिंती आणि पाया आधीच असल्यामुळे खर्च सहसा बराच कमी होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रात्री दोन वाजता आईला बरे वाटेनासे झाले तर मधले दार उघडून तुम्ही क्षणात तिच्याजवळ पोहोचता. अंगणाच्या टोकाला असलेल्या घरातून पावसाळी जानेवारीत तिने ओल्या फरश्यांवरून चालत यावे, ही कल्पना मला पटत नाही. मूळ घराच्या भिंतींच्या आत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या ज्युनिअर युनिटचीही, म्हणजे एडीयूच्या छोट्या प्रकाराचीही, कायद्यात तरतूद आहे, तेव्हा एडीयू आणि ज्युनिअर युनिट या दोनपैकी कोणत्या प्रकारात अर्ज करणे सोयीचे पडेल, हे आर्किटेक्टला सुरुवातीलाच विचारावे.

गॅरेजचे दोषही लक्षात ठेवा. तेथील काँक्रीटची जमीन मोठ्या दाराकडे उतरती असते, भिंतींत थंडी-उन्हापासून बचाव करणारा थर बहुधा नसतो आणि खिडकी असलीच तर लहान असते. जमीन समपातळीत आणून ती घराच्या जमिनीशी जुळवावी, म्हणजे मधल्या दाराशी पायरी राहणार नाही. न्हाणीघराला उंबरठा नसावा, खाली बसून अंघोळ करता येईल एवढी जागा असावी, आणि हाताला धरायचे दांडे आज लावायचे नसले तरी भिंती बंद करण्यापूर्वी आतून लाकडी आधार द्यावा. दारे ३६ इंच रुंद ठेवावीत, कारण वॉकर किंवा चाकांची खुर्ची कधी लागेल हे सांगता येत नाही. ओट्यावर बाहेर हवा सोडणारा पंखा घ्यावा. येथील अनेक पंखे हवा गाळून परत खोलीतच सोडतात, आणि एवढ्याशा जागेत रोजच्या फोडणीने धुराचा भोंगा वाजू लागला की आई हळूहळू स्वयंपाकच करायची थांबेल. तिला स्वतःच्या हाताने चहा ठेवता यावा, दोन भाकऱ्या थापता याव्यात, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

आता वडिलांच्या प्रस्तावाविषयी. भारतात राहते घर विकून झालेल्या नफ्यावरील करातून दुसरे घर घेऊन सवलत मिळते, पण ते दुसरे घर भारतातच असावे लागते. सॅन होजेतील बांधकामाला ती लागू होत नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडील रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, वसूल करते. तुम्हाला भारतातून वर्षभरात १,००,००० डॉलरहून अधिक भेट मिळाली तर त्यावर येथे सहसा कर नसतो, पण आयआरएसला, म्हणजे येथील करखात्याला, फॉर्म ३५२० भरून कळवावे लागते. ते राहून गेल्यास दंड मोठा असतो. ग्रीन कार्ड हाती आल्यानंतर फ्लॅट विकला तर ती विक्री आईवडिलांच्या अमेरिकेतील विवरणपत्रातही दाखवावी लागते.

ही कागदपत्रे सांभाळता येतात. मला खरी काळजी वेगळी वाटते. तुमच्या जमिनीवर तुमच्या वडिलांच्या पैशांनी जे उभे राहील, त्यावर कागदोपत्री त्यांचा कोणताही हक्क नसेल. तुमच्या संसारात, नोकरीत किंवा कर्जफेडीत उद्या काही बिघडले तर ते पैसे त्यांना परत मिळण्याचा सरळ मार्ग राहत नाही. शिवाय येथे मोटार चालवता न येणारा माणूस दिवसभर दुसऱ्यावर अवलंबून असतो. सांगलीत वडील मनात आले की बाहेर पडतात, ओळखीच्या माणसांशी बोलतात, स्वतःची औषधे स्वतः आणतात. येथे दोन हिवाळे काढल्यावर त्यांना परत जावेसे वाटले, तर जायला घर असले पाहिजे. फ्लॅट विकल्यावर ती इच्छा ते तुमच्याजवळ बोलूनही दाखवणार नाहीत. वडिलांना थोडा वाटा द्यायचाच असेल तर तो त्यांच्या बचतीतून, झेपेल एवढाच घ्यावा आणि ती भेट आहे की उसनी रक्कम, हे सही करून लिहून ठेवावे. बहीण किंवा भाऊ असल्यास त्यांनाही आधी सांगावे.

मेहुण्यांचा भाड्याचा हिशेब आज बाजूला ठेवा. आईवडील वर्षातील काही महिनेच येथे असतील तर मधल्या काळात भाडेकरू ठेवून हवे तेव्हा जागा रिकामी करून घेणे वाटते तितके सोपे नसते, आणि असे घर ३० दिवसांहून कमी मुदतीने देण्यावर सामान्यतः बंदी असते.

कंत्राटदार निवडताना त्याचा परवाना राज्याच्या सीएसएलबी या मंडळाच्या संकेतस्थळावर तपासावा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे अशा घरगुती बांधकामात आगाऊ रक्कम कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तीच घेता येते. ‘सामान आणायचे आहे’ म्हणून तीस-चाळीस हजार आधीच मागणाऱ्याला, तो कितीही ओळखीचा असला तरी, काम देऊ नये. पुढील हप्ते प्रत्यक्ष झालेल्या कामानुसारच द्यावेत. करारावर सही करण्यापूर्वी विजेची मुख्य पेटी नव्या घराचा भार पेलू शकते का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे, कारण जुन्या घरांत ती बदलावी लागली तर वीजकंपनीची वाट पाहण्यात महिने जातात आणि तोपर्यंत बाकीचे काम अडून राहते.