वाचकांचे प्रश्न : वैमानिकाचा हेडसेट कसा निवडावा?

प्रश्न : माझी मुलगी बारामतीला वैमानिक प्रशिक्षण घेत असून सेस्ना 172 चालवायला शिकते आहे. डेव्हिड क्लार्क एच10-13.4 या साध्या हेडसेटवर 23 डेसिबल असा आवाज कमी होण्याचा आकडा दिलेला आहे. बोस किंवा लाइटस्पीडचे अ‍ॅक्टिव्ह (इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने आवाज दाबणारे) हेडसेट त्याहून बरेच महाग आहेत, पण तसा आकडा त्यांच्यावर ठळकपणे आढळत नाही. मग जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे? मुलीला चष्मा आहे.

उत्तर : 23 हा आकडा बरोबर आहे, परंतु त्यावरून या दोन प्रकारांची तुलना होऊ शकत नाही. एनआरआर नावाचा हा आकडा इअरकप (कान झाकणारी वाटी) आणि त्याची गादी मिळून किती आवाज अडवतात एवढेच सांगतो. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा वाटा त्यात धरलेला नसतो.

सेस्ना 172 चा पंखा दोन पात्यांचा असतो. तो मिनिटाला 2400 फेरे घेत असताना सेकंदाला 80 पाती समोरून जातात, म्हणजेच कॉकपिटमधल्या घरघरीचा मोठा भाग 80 हर्ट्झच्या आसपास असतो. इतका खर्जातला आवाज इअरकपला नीट अडवता येत नाही. अ‍ॅक्टिव्ह हेडसेटमध्ये मात्र कपाच्या आत बसवलेला बारीक माइक आत शिरलेला आवाज टिपतो आणि स्पीकर त्याच्या नेमकी उलटी लहर सोडून तो दाबतो. ही युक्ती खर्जातच उत्तम चालते. वरच्या पट्टीतला आवाज अडवण्याचे काम कपाकडेच राहते.

याचा लाभ केवळ आरामापुरता नाही. घरघर मोठी असली की विद्यार्थी रेडिओचा आवाज वाढवतात आणि कानावर दोन्हींचा मारा होतो. अमेरिकेतील नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास ही मर्यादा मानते व पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला ती वेळ निम्मी करते. या हिशेबाने 94 डेसिबलला जेमतेम 1 तास उरतो. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण करावे लागते आणि अशा आवाजाने एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून ऐपत असल्यास अ‍ॅक्टिव्हच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चष्म्यामुळे हे मत अधिकच पक्के होते, कारण काडीमुळे गादीला फट पडते आणि तिथून आधी खर्जच आत येतो. चष्म्याच्या काड्या पातळ व चपट्या घ्याव्यात.

खरेदीपूर्वी प्लगही पाहावा : सेस्नाला दोन वेगळे प्लग लागतात, तर हेलिकॉप्टरचा एकच असतो. अ‍ॅक्टिव्ह हेडसेटचे सेल काढल्यावरही रेडिओ ऐकू येतो ना, हे जोडून तपासावे. संगीतासाठी मिळणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इथे चालणार नाहीत.

सध्या पैसे जमत नसतील, तर एच10-13.4 हा टिकाऊ हेडसेट घेऊन त्याच्या आत फोमचे इअरप्लग घालावेत आणि रेडिओचा आवाज त्या मानाने वाढवावा. काहीही निवडले, तरी मुलीने तो चष्म्यासकट निदान तासभर डोक्यावर ठेवून पाहावा. कानशिलावर काडी रुतत असेल, तर तो परत करावा.