फ्रीसाउंडवरचा पावसाचा आवाज फुकटच आहे, मग पॉडकास्टमध्ये नाव कशाला द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की कथावाचनाच्या पॉडकास्टसाठी फ्रीसाउंड या आवाज फुकट देणाऱ्या साइटवरून पावसाचा आवाज घेतलाय, पुढच्या महिन्यापासून जाहिराती सुरू होतील, तर नाव द्यावं लागेल का आणि पैसे मिळाले तर चालेल का. आधी त्या आवाजाचं पान पुन्हा उघडा. परवाना तिथेच लिहिलेला असतो, आणि एकाच साइटवरच्या दोन आवाजांचे परवाने वेगळे असू शकतात.

सीसी झिरो (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, हे परवाने तयार करणारी संस्था) असेल तर काहीही करा, नावही बंधनकारक नाही. ॲट्रिब्यूशन असेल तर कापा, जोडा, पैसे कमवा, पण नाव द्यायलाच हवं. नॉनकमर्शियल असेल तर जाहिराती असलेल्या भागात तो आवाज नको. मी इथेच अडकलो होतो. देवळातल्या घंटेचा असाच एक आवाज मी सहा भागांत वापरला, नंतर प्रायोजक मिळाला. माझ्याकडे फक्त मिसळून झालेल्या फायली होत्या, वेगळे ट्रॅक ठेवलेच नव्हते. सहाही कथा पुन्हा वाचाव्या लागल्या. म्हणून प्रत्येक आवाजाचं नाव, परवाना आणि दुवा उतरवून घेतानाच वहीत टिपून ठेवा. फार जुन्या आवाजांवर सॅम्पलिंग प्लस हा परवाना दिसेल. क्रिएटिव्ह कॉमन्सने तो २०११ मध्ये बंद केला, पण आधी दिलेला अजून लागू आहे, आणि त्यात जाहिरातीसाठी वापरायला मनाई आहे.

भागाच्या वर्णनात एवढं लिहिलं तरी पुरे: आवाजाचं शीर्षक, चढवणाऱ्याचं नाव, परवाना, आवाजाचा आणि परवान्याचा दुवा, आणि तुम्ही काही बदल केला असेल तर तेही.

आता 'कशाला'बद्दल. मी स्वतः पत्र्यावरचा पाऊस रेकॉर्ड केलाय, कोकणात मामाच्या घरी. पहिल्या रात्री वारा थेट माइकमध्ये घुसला. दुसऱ्या रात्री सगळं जमलं असं वाटलं, हेडफोन लावून ऐकलं तर खाली फ्रिजची घरघर. तिसऱ्या रात्री फ्रिज बंद केला, रेकॉर्डरखाली टॉवेलची घडी ठेवली आणि पहाटे साडेतीनला पडवीत श्वास रोखून बसलो. पन्हळीतून पडणाऱ्या धारेचा आवाज वेगळा, पत्र्याचा वेगळा, दोन्ही नीट आले. हाती लागली दीड मिनिटं. तुम्ही घेतलेल्या पावसामागेही असंच कुणीतरी जागलेलं असणार. त्याने पैसे मागितले नाहीत, नाव मागितलंय. ते द्या.

फ्रीसाउंड ही साइट २००५ मध्ये बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत तंत्रज्ञान गटाने सुरू केली. आवाजावर संशोधन करायचं तर कुणाची परवानगी मागत न बसता वाटता येतील असे आवाज हवेत, ही त्यांची गरज होती. याच गटाने पुढे हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या रेकॉर्डिंगचा संग्रह अभ्यासकांना खुला केला. म्हणजे आपल्याकडच्या तंबोऱ्यालाही त्याचा फायदा झालाच आहे.

जमलं तर तुमचेही आवाज तिथे चढवा. पाटा-वरवंटा, रहाट, एसटी स्टँडवरची घोषणा होण्याआधीची खरखर. एक मात्र सांभाळा. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा रेकॉर्ड करताना मागे डीजेवर सिनेमातलं गाणं वाजत असेल, तर ती फाइल चढवू नका. ते गाणं तुमच्या मालकीचं नाही, त्यामुळे ते मुक्त करायचा हक्कही तुम्हाला नाही. पथकाच्या सरावाला जा, गाण्याचा अडथळा नसतो. फक्त रेकॉर्डरची पातळी बरीच खाली ठेवा, ताशाची पहिली काडी पडली की आवाज फाटतो.