टेस्ट लाल झाली, पण काऊन?

प्रश्न : ताई, गावाजवळच्या जिनिंगसाठी कापूस खरेदीच्या पावतीचा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला. कोड तपासणाऱ्या पायटेस्ट या साधनाच्या टेस्टही आहेत, पण नावं टेस्ट_१, टेस्ट_२, टेस्ट_ओलावा अशीच पडली. मित्र म्हणतो, ज्या फंक्शनची टेस्ट, त्याचंच नाव टेस्टला दे. बरोबर आहे का?
– एक वाचक, पांढरकवडा

उत्तर : भाऊ, नका ऐकू त्याचं. ऐन हंगामात काट्यावर गाड्यांची रांग, दिवाणजीचा फोन, तुम्ही घाईत एक ओळ बदलता आणि टेस्ट_ओलावा लाल होते, म्हणजे नापास. आता काऊन झाली? कपात चुकली, की चांगली गाडी परत पाठवली? कोड उघडल्याशिवाय पत्ता लागत नाही.

ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला तर पैशांत कपात आणि १२ च्या वर कापूस परत, असा तुमचा नियम धरते. मग नावं अशी : टेस्ट_ओलावा_८_असल्यास_कपात_नाही, टेस्ट_ओलावा_१२_असल्यास_गाडी_घेणे, टेस्ट_ओलावा_१२_च्या_वर_गाडी_परत. बरोबर १२ ची टेस्ट वेगळी हवीच. भांडणं तिथंच होतात. नाव लांबलं तर लांबू द्या, हाक मारणारं पायटेस्टच आहे.

काय तपासतो, कोणत्या परिस्थितीत, काय व्हायला हवं, ही नावाची तीन भागांची रीत टेस्टिंगवर पुस्तक लिहिणारे रॉय ओशेरोव यांनी २००५ मध्ये मांडली. पहिल्या भागात फंक्शनचं नाव मी घालत नाही. फंक्शनचं नाव दिवाळीनंतर बदलतं, टेस्टचं जुनंच राहतं.

इथं छापायला देवनागरी केली. कोडमध्ये सुरुवातीचा 'टेस्ट' रोमन लिपीतच लागतो, नाहीतर पायटेस्ट त्या फंक्शनकडे ढुंकूनही बघत नाही. पुढचं नाव पायथन ३ ला देवनागरीत चालतं. पण कीबोर्ड कोण बदलत बसणार? मी रोमन अक्षरांत मराठीच लिहिते.

आकड्यांच्या नावांत खरा धोका वेगळाच आहे. टेस्ट_२ कॉपी केली, आतला मजकूर बदलला, नाव बदलायचं राहिलं. एकाच फाइलमध्ये एका नावाची दोन फंक्शन्स असली की पायथन दुसरंच धरतं. पहिली टेस्ट धावतच नाही, पायटेस्ट चकार शब्द काढत नाही, सगळं हिरवंगार! रफ (ruff) नावाचं कोडातल्या चुका शोधणारं साधन ही दुहेरी नावं दाखवतं. आजच चालवून बघा.

आणि 'ओलावा' हा शब्द त्या सगळ्या नावांत एकाच स्पेलिंगने ठेवा. पायटेस्ट चालवताना 'के' (-k) पर्यायाला तो दिला की तेवढ्याच टेस्ट धावतात.